सातच्या पायावर चारशे

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज विभागात मला टाळ्या मिळाल्या. आणि तेव्हापासून तोंड लपवावंसं वाटतंय.

पुण्याच्या प्रा. अश्लेषा देव यांचं व्याख्यान होतं. दहाच्या पायावर, म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीत, ११, १११, ११११ – नुसते एकच असलेली अशी संख्या कधीच पूर्ण वर्ग नसते, म्हणाल्या. मग हसत विचारलं, दुसऱ्या कुठल्या पायावर असते का? माझा विषय स्टॅटिस्टिक्स, एरवी मी तिथे तोंड उघडत नाही. आज हात वर गेला.

सातच्या पायावर चारशे! तिथे स्थानांच्या किमती एक, सात, एकोणपन्नास, तीनशे त्रेचाळीस. चारही ठिकाणी एक मांडला की ११११, बेरीज चारशे. आणि चारशे म्हणजे विसाचा वर्ग.

"छान. कुठे सापडलं तुम्हाला?"

"असंच, चहा पिता पिता जुळलं."

चहा खरा. जुळवलं सुनीतीनं – काल, मटार सोलताना. मी मॅच बघत अर्धंच ऐकलं. 'बायकोनं सांगितलं' एवढं म्हणायला काय झालं होतं मला?

मंगळवार, ६ फेब्रुवारी

हेड म्हणाले, आप तो छुपे रुस्तम निकले. मी हसलो. हसलो!

बुधवार, ७ फेब्रुवारी

सोमवारी टाळ्यांच्या भरात देवबाईंना जेवायला बोलावून बसलो होतो. रद्द करायला बघितलं, पण सुनीती खूश – घरी मराठी बोलणारं कुणी येतंय म्हणून.

जेवताना बाई म्हणाल्या, "यांनी परवा चारशेचं सांगितलं. चहा पिताना सुचलं म्हणे."

सुनीती आमटी वाढत होती. "हो का," म्हणाली, आणि माझी वाटी भरली. माझ्याकडे बघितलं नाही.

मग दोघी तासभर संख्यांवरच बोलत होत्या. मला निम्मं कळलं नाही. एम.एस्सी.ला ही माझ्या पुढे होती. माझ्या नोकरीपायी इथे उत्तरेत आली, अलीगंजच्या शाळेत आठवीला शिकवते. इतकी बोलताना तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. टेबलावरचा जग भरलेला असताना मी पाणी आणायला उठलो.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

सकाळी ती स्कूटर पुसत होती, तेव्हा माफी मागितली. म्हणालो, बाईंना मेल करून खरं काय ते कळवतो.

"काय कळवशील? चारशे माझे म्हणून? अरे, ते माझे नाहीतच. शंभर वर्षांपूर्वीच छापून आलंय. त्यांनाही माहीत आहे. रविवारी तुला हेच सांगत होते मी."

म्हणजे 'कुठे सापडलं' असं त्या विचारत होत्या ते पुस्तकाचं नाव! आणि भरल्या हॉलमध्ये मी चहा सांगितला. त्यांनी मला सांभाळून घेतलं. काल हिनंही.

चोरी केली, तीही अर्धवट ऐकून.

मेल पाठवली. हेडनाही प्रत टाकली. दिवसभर कान गरम होते.

रविवार, ११ फेब्रुवारी

मेलला बाईंचं उत्तर नाही. फोन आला, तो सुनीतीला. जुलैपासून पुण्यात, त्यांच्या हाताखाली संशोधन.

"मी हो म्हटलंय," सुनीती म्हणाली. मला विचारलं नाही, सांगितलं.

मी म्हणालो, "इथे बस. ते चारशेचं पहिल्यापासून सांग."