जहाजावर आग्रह कोण करणार?

मु. तांडा, ता. आर्णी, जि. यवतमाळ
दि. ४ डिसेंबर २०१८

आदरणीय व्याही हिरासिंगजी यांस,

धावजी नायक याचा जय सेवालाल. आम्ही सर्व कुशल असून आपले गुडघे, विहीणबाईंचा दमा व आपली काळी म्हैस यांची खुशाली (याच क्रमाने) कळवावी. यंदा आमच्या कपाशीवर बोंडअळी गेल्या सालाइतकी नाही. गेल्या साली पोट भरल्यामुळे असेल, किंवा आमच्या शिवाराचा तिला कंटाळा आला असेल. कसेही असो, दुसरी वेचणी सुरू आहे, एवढे मी या वर्षी मान वर करून लिहू शकतो.

आता विषयाकडे वळतो. आपली व माझी नात (आपण रागात असता तेव्हा ती फक्त माझी असते) कु. गुंजन हिने हॉटेलचे शिक्षण पुरे करताच तिला प्रवासी जहाजावर वाढपाची नोकरी मिळाली. त्यावर आपण आमच्या ओसरीत, चार माणसांसमक्ष, उद्गारलात, "पोरगी पान्यावर धाडून राह्यले का? मंग तुमचा उंबरठा मी चढत नसतो!" उत्तर माझ्या ओठांवर होते, परंतु तांड्याच्या नायकाने स्वतः पाहिल्यावाचून निवाडा देऊ नये. सबब मी जहाज पाहून आलो.

एका बियाणे कंपनीने दुकानदारांस मुंबईहून समुद्राची सहल दिली. (अळीने शेतकऱ्यास माती दाखविली व कंपनीने दुकानदारास समुद्र, यावर मी तूर्त काही लिहीत नाही.) आमच्या लालसिंगाचे दुकान असल्याने एक जागा त्याची होती, ती मी घेतली. तो म्हणाला, "बा, तुमाले ओकाऱ्या होतीन." झाल्या नाहीत. खोलीतील सोबती, आपल्या मारेगावचे बियाणेवाले अब्दुल गनीभाई, यांस झाल्या (हे पत्र त्यांच्याच हाती धाडत असल्याने विस्तार करीत नाही).

जहाज म्हणजे मोठी नाव, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते यवतमाळचा बाजार, दवाखाना, नाट्यगृह व बसस्थानक एकावर एक रचून वरून चुना मारल्यासारखे आहे. खोलीस किल्ली नाही. एक कार्ड दारास दाखविले की दार ओळख देते. सर्वांत वर पोहण्याचा हौद आहे. खाली एवढा समुद्र असता वर हौद कशास, असे मी एका अधिकाऱ्यास विचारले. तो नुसता हसला, म्हणजे त्यासही ठाऊक नाही. एका दालनात चालण्याची यंत्रे आहेत. त्यांवर माणसे घाम गाळून चालतात व जागच्या जागी राहतात. (आमच्या तांड्याच्या रस्त्याचा प्रस्ताव असाच चालतो.) जुगाराचे दालनही आहे. तेथे मी दारातूनच नापसंती दर्शविली. गनीभाईंच्या म्हणण्याप्रमाणे, बराच वेळ दर्शविली.

खरा प्रसंग जेवणाच्या दालनात घडला. मी मानाची जागा पाहून बसलो व यजमानाची वाट पाहू लागलो. यजमान आला नाही. लोक आपापली ताटे घेऊन रांगेत उभे! गनीभाई म्हणाले, "नायकसाहेब, इथं आपल्या हातानंच घ्या लागते. उठा, पनीर सरून राह्यलं!" पाहुण्याने परक्याच्या भांड्यात पळी घालावी ही रीत माझ्या तांड्यात नाही, असे मी त्यांस सुनावले व उपाशी उठलो. सकाळीही तसाच बसलो व तसाच उठलो. दुपारी गणवेशातील एक मुलगी जवळ आली; मिझोरमची, आपल्या गुंजनच्या वयाची. गनीभाई तिला म्हणाले, "दादाजी रूठे हैं, बेटी. कोई मनाएगा तभी खाएँगे." (मी रुसलो नव्हतो, याची नोंद घ्यावी.) ती भरले ताट घेऊन आली. मी दुसरी पोळी नको म्हणून हात आडवा करेपर्यंत पोळी ताटात पडलेली होती. "मेरे हाथ से एक और, दादाजी." विहीणबाईंनंतर असा आग्रह मी पाहिला नाही.

जेवता जेवता मी तिची रीतसर चौकशी केली. मुलींच्या खोल्या वेगळ्या, दार आतून बंद होणारे, वरची बाई सासूहून कडक, आईशी रोज फोन. भीती वाटते काय, असे विचारता ती म्हणाली, "पहले हफ़्ते बहुत रोई. अब घर जाती हूँ तो ज़मीन हिलती है." मला हसू आले. नंतर मी आपणहून आणखी एक पोळी मागून घेतली.

उपकार फेडणे भाग होते. संध्याकाळी मी जिलबीचे भांडे ताब्यात घेऊन दारात उभा राहिलो व येईल त्यास वाढू लागलो. आपल्याकडील दुकानदारांच्या अंगातच ते आहे. पाहता पाहता सगळे पळ्या घेऊन एकमेकांच्या मागे लागले. एका गोऱ्या पाहुण्याने ताट छातीशी धरून पळ काढला, त्यास लिफ्टपाशी गाठून दोन जिलब्या दिल्या. मुख्य आचारी ओरडत आला. त्याने तोंड उघडताच गनीभाईंनी त्यात जिलबी घातली. पुढे कोणाची हरकत आली नाही. ती मुलगी हसून हसून भिंतीस टेकली होती.

व्याहीसाहेब, त्या जहाजावर सर्व काही आहे, आग्रह करणारी माणसे मात्र थोडी आहेत. तथापि आपला मान ठेवून मी निवाडा राखून ठेवला आहे. आपले मत कळताच तो देईन. लहानांस आशीर्वाद.

आपला,
धावजी नायक (चौथी उत्तीर्ण)

ता. क. निवाडा राखून ठेवला आहे हे रीतीस धरून लिहिले. गुंजनचे मुंबईचे तिकीट रविवारचे आहे. मात्र ती म्हणते, नानांनी (म्हणजे आपण) निघताना हातावर गूळ ठेवला नाही तर तिकीट फाडीन. फाडील, आग्रहाप्रमाणे हट्टही तिने आपल्याच घरून आणला आहे.

पुन्हा ता. क. आपण शनिवारी येत आहात, असे मी तिला काल सांगून टाकले. तेव्हापासून ती बॅग भरते आहे व गाते आहे. मी खोटे बोलत नाही, हे आपण जाणता. तरी शनिवारी गनीभाईंच्या गाडीवर बसून यावे व माझे बोलणे खरे करावे.