ऑगस्टमधला गीझर

अमोघ,

काल पुण्याहून आल्या आल्या नळाखाली माझा हात पोळला, तेव्हा तू म्हणालास, नवा गीझरच खराब निघाला. आज प्लंबर बघून गेला. म्हणाला, "मॅडम, स्विच तो ऑन था."

इथे सौदीत, अल-खोबरच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच चटके देतं. म्हणून आपण गीझर बंद ठेवतो आणि त्यात साठून गार झालेलं पाणी वापरतो. तू हे झोपेतसुद्धा विसरणार नाहीस. इथे ऑगस्टमध्ये गीझर लावेल तो नवखा माणूसच.

परीला आणि तिची खेळणी घेऊन मुग्धाकडे राहायला जातेय. वरण फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे.

मी नसताना आपल्याकडे आंघोळ कोणी केली? काय सांगायचं ते ठरलं की फोन कर.

रुचा