तुमचा सामना, आमच्या गावात

टॉलिव्हर,
२२ सप्टेंबर १९९३

श्रीमती क्लॉडेट मूटाँ यांस,
स. न. वि. वि.

आज सकाळी आमच्या कॉलेजने जे जाहीर केलं, त्यामुळे हे पत्र लिहिणं भाग पडलं. येत्या शनिवारी तुमच्या गावी व्हायचा फुटबॉलचा सामना वादळामुळे होणार नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. तो आता सोळा ऑक्टोबरला होईल. आणि तुमच्या मैदानावरचे दिव्यांचे खांब आडवे झाल्यामुळे इथे, टॉलिव्हरला होईल. सोळा ऑक्टोबरला दुपारी दोन वाजता माझ्या मेरिबेथचं आणि तुमच्या रेमीचं लग्न आहे. तुमचा टेलिफोन लागत नाही.

मार्चमध्ये माझ्या स्वयंपाकघरात दोन्ही कॉलेजांची वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेवून आपण तारीख काढली होती. अख्ख्या हंगामात दोन्ही संघांना सुट्टी असलेला शनिवार एकच निघाला, तेव्हा आपल्याला कोण आनंद झाला होता. आता कॉलेजवाल्यांनीही तोच शनिवार काढला, आणि नेमक्या त्याच कारणाने. त्यांना बोल लावता येत नाही, याचा मला जास्त राग येतो आहे.

गाव मात्र हर्षाने वेडं झालं आहे. घरच्या मैदानावर वर्षाला सहा सामने होतात, त्यांवर हे गाव जगतं. हा सातवा फुकट मिळाला. मोटेलवाल्याने आपल्या पाहुण्यांसाठी धरलेल्या खोल्या दुपारीच रद्द केल्या आणि चौपट भाड्याने विकायला काढल्या. मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. तो म्हणाला की मिसेस रेनफ्रो, लग्न काय, पुढच्या शनिवारीही लागेल. मी त्याला शाळेत भूगोल शिकवला आहे. तेव्हाही तो असाच होता. उलट फुलवाला रडतो आहे. सामन्याच्या दिवशी त्याच्या दुकानापर्यंत गिऱ्हाईक पोचूच शकत नाही, म्हणून तो कुलूप लावून घरी बसतो. आपली फुलं शुक्रवारीच उचलावी लागतील. कॉलेजातले एक प्राध्यापक वर्तमानपत्रात लिहितात की प्रत्येक सामन्याने गावात लाखो डॉलर येतात. येत असतील. फुलवाल्याला विचारून त्यांनी लिहिलेलं दिसत नाही.

आणखी एक. सामन्याच्या दिवशी चर्चचं आवार गाड्या लावायला भाड्याने दिलेलं असतं, आणि फाटकाजवळच्या कोपऱ्यावर आमचं महिला मंडळ हॅम सँडविच विकतं. मंडळाची अध्यक्ष मीच आहे. तरीही तारीख बदलू नये असं माझं मत आहे. निमंत्रणं गेली आहेत, आणि छापलेलं मी बदलत नाही.

तुमच्याकडे पाणी किती आलं ते कळवा.

लोभ आहे असं धरून चालते.
अगाथा रेनफ्रो

*

लॉरेल पॉइंट,
२६ सप्टेंबर

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र शाळेच्या बसने आलं. सध्या पोस्टही तीच, बसही तीच, आणि शाळा बंद. पाणी आलं थोडं. पाय ओले झाले. काळजी नसावी.

त्या मोटेलवाल्याला फार बोलू नका हो. मीही बारा खोल्यांच्या लॉजची आणि खालच्या खानावळीची मालकीण आहे. सामन्याच्या शनिवारी सख्ख्या मावसभावाकडूनसुद्धा मी तिप्पट घेते, आणि तो दर वेळी म्हणतो की क्लॉडेट, तुझ्यापेक्षा वादळ परवडलं. चौपट घ्यायचं मला कसं सुचलं नाही, एवढंच वाईट वाटतं.

पण बाई, तो सामना आमचा होता. बाकीच्या सामन्यांना आमच्याच गावचे लोक येतात, घरून जेवून येतात. तुमचे टॉलिव्हरकर तेवढे दोन वर्षांतून एकदा गाड्या भरभरून येतात, माझ्याकडे राहतात, खातात, हरतात आणि परत जातात. त्यांच्या त्या दोन दिवसांवर माझा हिवाळा निघतो. पुढच्या वर्षी पाळी तुमचीच, म्हणजे मला आता पंच्याण्णवपर्यंत वाट पाहायची.

म्हणून मी एक ठरवलं आहे. लग्नाला यायचंच आहे, तर येताना माझी दोन मोठी पातेली घेऊन येते. तुमच्या चर्चच्या फाटकाशी चूल मांडते. सामन्याआधी खेकड्याचा रस्सा आणि भात, सामन्यानंतर खेकड्याचा रस्सा आणि भात, मधे लग्न. गिऱ्हाईक माझंच आहे, फक्त पत्ता बदलला आहे.

मेरिबेथला गोड पापा. तुम्हालाही दिला असता, पण तुम्ही रागवाल.
तुमची लाडकी (व्हायची आहे),
क्लॉडेट

*

टॉलिव्हर,
२९ सप्टेंबर

श्रीमती मूटाँ यांस,
स. न. वि. वि.

नाही.

नवऱ्या मुलाच्या आईने लग्नाच्या दिवशी रेशमी पोशाखावर एप्रन बांधून चर्चच्या फाटकात रस्सा विकायचा, हे मला पटत नाही. नवरी आत शिरताना तुम्ही कुणाला तरी सुटे पैसे परत देत असाल. शिवाय तो कोपरा गेली तीस वर्षं आमच्या मंडळाचा आहे. या सातव्या सामन्याच्या पैशातून सभागृहाचं गळकं छप्पर बदलायचं, असं मंडळाने ठरवलं आहे, आणि आमच्या अर्नेस्टीनने तर पत्र्याचा रंगही निवडून ठेवला आहे.

आमचं सँडविच कोरडं असतं, असं मेरिबेथ तुमच्याकडे बोलल्याचं कळलं. ते मुद्दाम कोरडं ठेवलेलं असतं. ओलं कपड्यांवर सांडतं.

पाहुण्यांची सोय मी केली आहे. तुमची माणसं चर्चमधल्या, मुलांच्या रविवारच्या शाळेच्या वर्गांत झोपतील. बाक लहान आहेत, पण जमीन स्वच्छ आहे. तुम्ही माझ्याकडे उतरा.

राग नसावा. माझाही नाही.
अगाथा रेनफ्रो

*

लॉरेल पॉइंट,
२ ऑक्टोबर

सौजन्यमूर्ती अगाथाबाईंना नमस्कार वि. वि.

कळलं. कोपरा तुमचा, गाव तुमचं, आता सामनाही तुमचा.

मी लग्नाला येणार नाही. रेमी त्याच्या काकाबरोबर येईल. रेशीम नेसून पहिल्या बाकावर बसायचं आणि बाहेर माझं गिऱ्हाईक कोरडं हॅम खातंय ते ऐकायचं, एवढं मोठं मन देवाने मला दिलेलं नाही. इथे चिखल काढायला माणसं कमी आहेत. मी इथेच बरी.

मुलांना आशीर्वाद. तुमच्या छपरालाही.
क्लॉडेट मूटाँ

*

टॉलिव्हर,
६ ऑक्टोबर

प्रिय क्लॉडेट,
स. न. वि. वि.

काल तुमचा रेमी पाणी उपसायचा पंप उसना मागायला माझ्याकडे आला होता. त्याला जेवायला बसवलं आणि विचारलं की घरी पाणी नक्की किती आलं. तो म्हणाला की आईने सांगू नको म्हटलंय. मी म्हटलं की तुझी आई इथे नाही, मी आहे.

खानावळीत काउंटरच्या वर टांगलेल्या, पदार्थांच्या यादीच्या फळ्यापर्यंत पाणी होतं. तुमची शेगडी शेजाऱ्याच्या बागेत सापडली. खालच्या सगळ्या गाद्या रस्त्यावर पडल्या आहेत आणि तुम्ही वरच्या मजल्यावर खुर्चीत झोपता. पातेली तेवढी छताला टांगलेली होती म्हणून वाचली, आणि त्यांत तुम्ही अंगणात लाकडं पेटवून विजेच्या तारा जोडणाऱ्या लोकांना फुकट जेवू घालता. म्हणजे सामना तुमच्या गावी झाला असता तरी तुम्हाला एक खोली देता आली नसती. हे तुम्ही मला आधीच लिहायला हवं होतं. पाय ओले झाले म्हणे!

मेरिबेथने सगळं ऐकलं आणि जाहीर केलं की लग्न लॉरेल पॉइंटला, चिखलात होईल, रबरी बूट घालून. ती माझ्यावर गेली आहे, त्यामुळे ते खरं धरावं लागलं.

तशी पाळी येऊ नये म्हणून काल संध्याकाळीच मंडळाची सभा बोलावली. मी सांगितलं की तीस वर्षं लोक आपलं सँडविच घेतात, कारण फाटकाबाहेर दुसरं काही मिळत नाही. आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे. अर्नेस्टीन म्हणाली की छपराचं काय. मी म्हटलं की छप्पर गळतं आहे, वाहून गेलेलं नाही. मग ती रडली, आणि नंतर तिनेच हात पहिला वर केला.

तेव्हा अटी अशा. कोपरा त्या दिवसापुरता तुमचा. भाडं नाही. आम्ही सगळ्या वाढायला उभ्या राहू, पण तिखट किती घालायचं यात बोलणार. लग्नाच्या वेळी पातेल्यांवर झाकण आणि तुम्ही पहिल्या बाकावर, एप्रनशिवाय. ही कीव नाही. कीव मला करता येत नाही, मेरिबेथला विचारा.

उत्तर लगेच पाठवा.
अगाथा

*

लॉरेल पॉइंट,
९ ऑक्टोबर

अगाथाबाई,
सा. न. वि. वि.

रेमीचे कान उपटले. मग त्याला पापा दिला.

तुमचं पत्र तार जोडणाऱ्या पोरांपुढे मोठ्याने वाचलं. त्यांचा मुकादम म्हणाला की बाई, ही विहीण तुला पुरून उरेल. मी म्हटलं की म्हणूनच पोरगा देते आहे.

सगळ्या अटी मान्य, एक सोडून. तिखटात कुणी बोलायचं नाही. तुमच्या गावच्या लोकांना मी वीस वर्षं रडवत आले आहे. ते रडतात आणि परत येतात.

खेकडे मिळाले आहेत. वादळाला खेकडे नेता आले नाहीत. आता सामना किती वाजता, तेवढं कळवा. आमच्याकडे रेडिओवर नुसती खरखर आहे.

तुमचीच, आता खरोखर,
क्लॉडेट

*

टॉलिव्हर,
११ ऑक्टोबर

प्रिय क्लॉडेट,
घाईत लिहिते.

सामना किती वाजता हे टेलिव्हिजनवाले ठरवतात, आणि त्यांनी ते आज ठरवलं. दीड वाजता. म्हणजे दोन वाजता या गावात रस्त्यावर कुत्रंही नसेल. सगळं गाव मैदानात आणि गाड्या ओळीने आमच्या आवारात. इतकं शांत लग्न रविवारीही लागलं नसतं. निमंत्रणावर दोनच छापलं आहे. मी म्हटलं होतं, छापलेलं बदलू नये.

पाहुण्यांनी मात्र साडेबाराच्या आत गावात शिरावं. नंतर पोलीस कुणालाही सोडत नाहीत, नवरदेवालाही नाही. पाद्री हॉलिस यांची कुरकुर चालली आहे. गेल्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी घरचा एकही सामना चुकवलेला नाही. मी त्यांना म्हटलं की देवानेही चुकवले असतील.

पातेली शुक्रवारी रात्रीच आणा.
अगाथा

*

टॉलिव्हर,
१९ ऑक्टोबर

प्रिय क्लॉडेट,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्ही रविवारी पहाटेच निघून गेलात, निरोपही न घेता. रडू येतं म्हणून गेलात असं रेमी म्हणतो. ठीक आहे. मलाही सकाळी कामं होती.

पाद्रीबाबांच्या कानातल्या त्या छोट्या रेडिओबद्दल मी चर्चच्या विश्वस्तांकडे लेखी तक्रार केली आहे. मेरिबेथ होकार देत असताना त्यांनी डोळे मिटून मूठ आवळली, आणि ती तिच्या होकारासाठी नव्हती. तुमच्या दीरांनी त्याच क्षणी मागून स्कोअर विचारला, त्याचीही नोंद तक्रारीत आहे. सामना तुम्ही जिंकलात. आमचे लोक हरून, घसा बसवून बाहेर आले आणि थेट तुमच्या रांगेत उभे राहिले. अर्नेस्टीन आपलं सँडविच रश्श्यात बुडवून विकत होती हे मी उशिरा पाहिलं. आमचा एकही पाव उरला नाही. हे तीस वर्षांत प्रथम घडलं. काल ती विचारत होती की तुमच्याकडे पंच्याण्णवला मदतीला बायका लागतील का. मी सांगितलं की सगळ्या जाऊ, आणि खोलीचे पैसे तिप्पट देऊ, चौपट नाही.

मोटेलवाला दोनदा ताट घेऊन गेला. दुसऱ्यांदा मी त्याच्याकडून चौपट घेतले.

मंडळाने काल ठरवलं की सभागृहातली शेगडी नाताळापर्यंत पडूनच असते, तर ती तुमच्याकडे पाठवावी. तिचा डावा मागचा बर्नर हट्टी आहे. फुंकर घालावी, शिव्या देऊ नयेत. चिखल निघाला की आधी स्वयंपाकघर उघडा, खोल्या मागाहून.

आज मंगळवारी सकाळी रेमीच्या ट्रकवर खालील वस्तू सोपवल्या आहेत. उतरवून घेऊन पोच पाठवावी.

पातेली, दोन. मी पुन्हा घासली आहेत. तुमच्या घासण्याबद्दल समक्ष बोलू.

पळी, एक. दांडा वाकलेला. तो अर्नेस्टीनने वाकवला, तिला पश्चात्ताप आहे.

पैशांचा डबा, एक, कुलूपबंद. मोजलेला नाही, ते तुमचं काम. किल्ली रेमीच्या खिशात.

सहा बर्नरची शेगडी, एक. उसनी. तुमची नवी आली की परत करावी.

मेरिबेथ, एक. पुढच्या बाकावर बसवली आहे, रबरी बूट घालून. ही परत करायची नाही. फक्त नाताळला चार दिवस पाठवावी.

सोपवणार: अगाथा रेनफ्रो