धोंड्याच्या वाणातला पंप

बाबा,

काल अकोल्याहून खोकं आलं. त्यात तुमचं दाब दाखवायचं घड्याळ, काच तडकलेलं; थोड्या पितळी नळ्या, डबाभर चामड्याचे वायसर आणि तुमची तुळशीची माळ. तुमच्या लेथवरचे चाचा स्वतः घेऊन आले. तुम्ही गेल्यावर पंपाच्या कारखान्याची जागा रिकामी करून देत आहेत म्हणे. एसटीत खोक्याचं वेगळं तिकीट पडलं, चाळीस रुपये. ते मी त्यांच्या हातावर ठेवले आणि हिशोबाच्या वहीत वाणसामानाखाली मांडले. माहेरून आलेल्या वस्तूचा खर्च कुठे मांडायचा, हे मला कधी कळलं नाही.

माळ हातात घेतली आणि मी परत लहान होऊन कारखान्याच्या ओट्यावर बसले आहे. तुम्ही फवारणी पंपात पाणी भरून दांडा हलवता, मी मोजते, शंभर झाले की एक मणी सरकवते. वायसर केव्हा पाझरायला लागतो त्यावरून तुम्ही सांगायचे, "हा दोन हंगाम. हा एकच." मग खोक्यावर खडूनं लिहायचे, तपासलेला माल. परतवाड्यापर्यंतच्या दुकानांत तो शब्द चालायचा. सासरी मीही तो मिरवला. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या महिन्यात तुम्ही यांना पाटावर बसवलं, आईनं अनारशांचं ताट पुढे केलं. चांदीचा दिवा ऐपतीबाहेरचा, म्हणून शेजारी नवा पंप ठेवला आणि त्याच्या टाकीला हळदकुंकू लावलं. "जवाईबापू, तपासलेला हाय," तुम्ही म्हणाले. आई म्हणाली, "नारायणाच्या पाठीवर पंप देता काय जी?" सगळे हसले.

पुढच्या वर्षी कपाशीवरची अळी काही केल्या हटेना, फवारणीवर फवारणी चालली होती. अशात वायसर गेला आणि औषध यांच्या पाठीवरून वाहिलं. हे बांधावर पडले. अमरावतीच्या दवाखान्यात तुम्ही खाटेजवळ बसले आणि म्हणाले, "झाकण बराबर कसलं नसन तुमी." यांनी मान हलवली. तेव्हापासून यांचा उजवा हात थरथरतो, चहा बशीत सांडतो, आणि हे पाहुण्यांना सांगतात, "माझीच चूक. सासऱ्याचा माल पक्का होता."

काल हे शेतात होते. चाचांनी यांच्या हाताची चौकशी केली. झाकणाचं मी नेहमीसारखं सांगितलं.

"बेटी, झाकण कायचं," ते म्हणाले. "रबराचा वायसर होता तो, व्यापाऱ्याच्या मालातला. त्याले सस्ता पायजे होता, एक हंगाम निघाला म्हणजे झालं. आमी तपासून पाह्यला, बराबर एकाच हंगामाचा निघाला. चामड्यावाला पंप उरला नव्हता, म्हणून त्यातलाच तुमाले देल्ला. दुसऱ्या हंगामाआधी वायसर बदलून देतो म्हणे तुमचे बाबा."

"मग?"

"मग काय. राहून गेलं."

"दवाखान्यात आले तेव्हा त्यांना माहीत होतं?"

चाचांनी बशी खाली ठेवली. "फाटलेला वायसर त्याईनंच पंपातून काढून आणला होता ना, खिशात."

तपासलेला म्हणजे बिघडणार नाही, असं आम्ही ऐकत आलो. तुमच्या लेखी त्याचा अर्थ, केव्हा बिघडेल ते कळलं, एवढाच होता. व्यापाऱ्याला त्याच्या मागणीबरहुकूम आयुष्य मोजून दिलंत. देवाच्या नावानं दिलेल्या वाणालाही तीच मुदत होती, फक्त ज्याच्या पाठीवर ते जाणार त्याला सांगितली नाही. एक कार्ड टाकलं असतं, पेरणीआधी वायसर बदला म्हणून, तर हे स्वतः अकोल्याला आले असते. तेही जाऊ द्या. खिशात वायसर घेऊन तुम्ही त्या खाटेजवळ बसले होते, बाबा.

यांना अजून सांगितलेलं नाही. खोकं देवघराखाली सारून वर सतरंजी टाकली आहे. सांगितलं तर यांच्या माथ्यावरची चूक उतरेल, आणि हे ज्यांचं नाव इतक्या मानानं घेतात ते सासरे जातील. हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, तेवढं मॅट्रिक झालेल्या बाईला कळतं. पण खरं लिहिते, सतरंजी टाकताना मला यांची काळजी नव्हती. तुमचं नाव जाईल, ही होती. तर यांना सांगू की नको, एवढं तरी आता उलट टपाली कळवा.