साडूंची शेपटी

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घ्यायला जामबागला सासुरवाडीस. धाकटे साडू हेमंतराव लडाखच्या हेमिस नॅशनल पार्कमध्ये जाऊन आले आहेत. हिमबिबट्याचा फोटो फ्रेम करून सासऱ्यांना दिला. सासऱ्यांनी तो हॉलमध्ये मधोमध लावला. तिथे इतकी वर्षं माझा आणि सुलभाचा लग्नातला फोटो होता. तो आता फ्रिजवर गेला आहे.
फोटोत नुसते दगड. हेमंतरावांनी बोट लावून दाखवलं तेव्हा एका दगडामागे शेपटी दिसली. फक्त शेपटी. सगळे वा वा म्हणाले. मीही म्हणालो. मला अजिबात जळफळाट झाला नाही. तोंड का पाडलं, असं सुलभाने परतताना विचारलं. तिळगूळ कडक होता.

१५ जानेवारी
ठरलं. याच थंडीत हेमिस. सासऱ्यांना फोन करून कळवलं, की थोरला जावई अख्खा बिबट्या आणणार, तोंडासकट. जागा रिकामी ठेवा. ते बरं म्हणाले आणि सुलभाला फोन द्यायला सांगितला.

२० जानेवारी
फिटनेस सुरू. पहाटे तारनाक्यावरून युनिव्हर्सिटीत वॉक. फार गारठा होता. गेटवरूनच परत आलो. इथल्या थंडीची सवय लागली की तिथे शरीराचा गोंधळ उडेल. सरळ लडाखलाच सुरुवात करीन.

२६ जानेवारी
बेगम बाजारातून घाऊक भावात बदाम, अक्रोड, खजूर. चढावर ताकद लागते. ऑटोवाल्याला सगळा बेत सांगितला. साब, ठंडी होना तो फ्रिज खोलके बैठो, उत्ते दूर कायकू जारे, असं म्हणाला. हौस नाही लोकांना.

२ फेब्रुवारी
बदाम संपले. अक्रोडही.
हेमंतराव स्वतःचं जाड जॅकेट द्यायला आले. नको म्हणालो. लेहला उतरल्यावर तीन दिवस नुसती विश्रांती घ्या, हवा विरळ असते, असं ते सांगत होते. एसीत बसणारी आयटीची माणसं, त्यांना तीन दिवस लागणारच. मी एका दिवसात निघणार.
सुलभाही येते म्हणाली. येऊ दे. बिबट्याबरोबर माझा फोटो काढायला कोणीतरी हवंच.

१७ फेब्रुवारी, लेह
उतरलो. डोकं किंचित दुखतंय, विमानामुळे. सुलभा सांगितल्याप्रमाणे चहा पिऊन पांघरुणात पडून राहिली. मी स्तूपाच्या पायऱ्या चढायला गेलो.

१८ फेब्रुवारी
दवाखाना. ऑक्सिजन. डॉक्टरांनी आणखी तीन दिवस हलायचं नाही म्हणून बजावलं. म्हणजे हेमंतरावांपेक्षा जास्त. हे जामबागला कळायची गरज नाही.

२२ फेब्रुवारी, रुम्बक
पार्कच्या पोटातलं चिमुकलं गाव. यांगचेनबाईंच्या घरी मुक्काम. रस्ता संपल्यावर चालत यायचं होतं. सामान घोड्यावर टाकलं. नंतर मलाही.
गाइड स्तान्झिनने समोरच्या कड्यावर दुर्बीण लावली. दिवसभरात रानमेंढ्या दिसल्या, बिबट्या नाही. कारण मला लगेच कळलं. सुलभाच्या बांगड्या. हात हलला की किणकिण. काढ म्हणालो. बिबट्यासाठी हात रिकामे करणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. मग मीही स्पष्ट सांगितलं, उद्यापासून घरीच थांब.

२३ फेब्रुवारी
बांगड्या नाहीत, शांतता आहे, बिबट्या नाही. बहुतेक स्तान्झिनचा खोकला.
संध्याकाळी यांगचेनबाईंनी हेमंतरावांची आठवण काढली. फार चांगला माणूस, स्वतःचं ताट स्वतः धुवायचा म्हणे. इथेही हेमंतराव. मी बाहेर जाऊन ताट धुतलं. पाणी गोठलं आणि बोटं ताटाला चिकटली. ती सुलभाने सोडवली.

२४ फेब्रुवारी, शेवटचा दिवस
उजाडल्यापासून कड्यावर. दुपारी स्तान्झिनच्या वॉकीटॉकीवर गडबड. बिबट्या आला. कुठे, तर यांगचेनबाईंच्या घरामागे, मेंढ्यांच्या गोठ्यावर.
धावलो. म्हणजे मनाने धावलो, पाय चालतच होते. पोचलो तेव्हा बर्फात पंजे उमटले होते.
सुलभा पोळ्या लाटत होती. मेंढ्या ओरडल्या म्हणून बाहेर आली. तो भिंतीवर पाठ करून बसला होता. तिने मोबाइल काढायला हात उचलला, बांगड्या वाजल्या आणि त्याने वळून थेट तिच्याकडे पाहिलं. अख्खं तोंड, मिशांसकट, तिच्या फोटोत आलं. चहाला उकळी येईपर्यंत दोघं एकमेकांकडे बघत होते म्हणे. भीती नाही वाटली, किती देखणा होता, असं सारखं म्हणत होती. लग्नानंतर मी इतका वेळ तिला असं कोणाबद्दल बोलताना ऐकलेलं नाही.
रात्री विचार केला. तिला घरी थांबवलं कोणी? मी. म्हणजे व्यूहरचना माझीच. घरी सांगताना 'आम्हाला दिसला' म्हणायचं ठरवलं. सुलभा म्हणाली, म्हणा.

९ मार्च, जामबाग
नवा फोटो हॉलमध्ये, मधोमध. हेमंतरावांनीच आपली शेपटी काढून जागा करून दिली. थोरल्या जावयाने खिळा ठोकावा, असं सासरे म्हणाले. मी स्टूलवर चढलो. हेमंतराव खाली स्टूल धरून उभे. फोटो त्यांनी तीन-तीनदा जवळ घेऊन पाहिला होता. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा मला खरंखुरं सुख वाटलं.
मग त्यांनी वर बघून विचारलं, मुकुंदराव, तुम्हाला किती लांबून दिसला?
सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या दातांत खिळा होता. तो काढून 'आम्हाला' एवढंच म्हणालो, तर सुलभाने वाक्य पुरं केलं. यांना नाही हो दिसला. फार धावत आले बिचारे, पण तोवर तो गेला होता.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सासूबाईंनी माझ्यासाठी चहा ठेवला. हेमंतरावांनी स्टूल आणखी घट्ट धरलं. सोडा, मी पडत नाही, असं मी दोनदा सांगितलं. त्यांनी सोडलं नाही.