जिताड्याहून मोठा

रवि., ३ मे
रोहिणीचा फोन. शुक्रवारी येतेय. कालगुर्लीहून पर्थ, पर्थहून इथे कॅनबेरा. "स्वेटर आणू का गं?" दर वर्षी विचारते. मे महिन्यात इथे येणाऱ्या बाईने हे विचारावं! पण राहते वाळवंटात, सोन्याच्या खाणीशेजारी. तिला काय सांगणार.

सलग तिसरा ऑटम. तेच यास गावाच्या पुढचं धरण, तीच भाड्याची बोट आणि तोच मरे कॉड, ज्याने आम्हाला अजून एकदाही तोंड दाखवलेलं नाही. बादलीएवढं तोंड असतं म्हणतात. शिरीष म्हणाला, "तो मासा तुमच्या दोघींची वाटच बघत असेल, करमणूक म्हणून." नवऱ्याने बोलून घ्यावं. बोटीत तो बसत नाही.

गुरु., ७ मे
ऑफिसमधून ट्रॅमने येताना उतरून बारामंडी घेतला. बारामंडी म्हणजे आपला जिताडाच, हे मला रो ने, रोहिणीनेच शिकवलं. हॅरिस पार्कच्या त्या दीड खोलीच्या फ्लॅटमध्ये, युनीत असताना. मी पुण्याची, अंडं खाल्लं तरी पाप केल्यासारखी. ही अलिबागची. बांगडे तळायला घेतले की स्मोक अलार्म बोंबलायचा आणि मी टॉवेल हलवत खाली उभी. शेवटी मीच ताट घेऊन तिच्या आधी बसायला लागले.

तर आता उलटं झालंय. गेली दोन वर्षं माझ्याकडे आली की वरणभात. "अ‍ॅसिडिटी गं." मग लोणच्याची बाटली अर्धी करते. ही कुठली अ‍ॅसिडिटी?
मासे धरायला चार तास विमानात बसून येते, आणि खात नाही. मला हे कळलंच पाहिजे. भोचक तर भोचक.

शुक्र., ८ मे
कळलं.

एअरपोर्टवरून घरी न थांबता थेट निघालो. यास येईपर्यंत मी धीर धरला (माझ्या मानाने खूप). मग म्हटलं, घरी तुझ्यासाठी जिताडा आणून ठेवलाय, परतल्यावर कालवण करू. तिने काच खाली केली. मग म्हणाली, "मुक्ता, मला चालत नाही."
"डॉक्टरांनी सांगितलंय?"
"कावळ्याने."

गाडी बाजूला घेतली मी. पुढचं सर्व्हिस स्टेशनच्या कॉफीवर.

बाबा गेले तेव्हा ती नुकतीच त्यांना भेटून परत आली होती. हॉस्पिटलच्या फार्मसीत दोनच माणसं, पुन्हा रजा मिळेना. दहाव्याला भावाने व्हिडिओ कॉल लावला. पिंड ठेवले, कावळा शिवेना. समोर झाडावर बसलाय, येत नाही. भाऊ म्हणाला, आईला सांभाळीन. नाही. चुलते म्हणाले, बागेची वाटणी नीट करू. नाही. आत्या म्हणाली, श्राद्ध चुकवणार नाही. कावळा ढिम्म. ऊन वाढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी भावाने फोन पिंडांकडे धरला, "तू बोल."
"आणि माझ्या तोंडून काय जावं? बाबा, तुमच्या जिताड्याहून मोठा मासा पकडल्याशिवाय मासा तोंडात घालणार नाही."
"मग?"
"मग काय, आला ना लगेच! इतका पटकन की भावाचा फोन पडला."

मी हसले. नंतर वाईट वाटलं. पण तीही हसत होती.

म्हणजे हे असं आहे. तीन वर्षं या बाईने मासा खाल्लेला नाही, आणि सुटका एकच, बाबांच्या माशापेक्षा मोठा पकडायचा. तेही वाळवंटात राहून.
"आईला माहितीये हे?"
"सगळ्या अलिबागला माहितीये. स्पीकरवर होते मी."
जिताडा केवढा होता, विचारलं. अख्ख्या घराण्यात प्रसिद्ध म्हणे. बाबांनी खाडीवर गळाने पकडलेला. पाहुणे आले की गोष्ट निघायची, बाबा हात पसरायचे, आणि दर दिवाळीला हात थोडे जास्त पसरायचे. रो ने तो पाहिलाय, नऊ वर्षांची असताना. "सायकलच्या हँडलला लटकवलेला. शेपूट पुढच्या मडगार्डला लागत होतं." म्हणजे नक्की केवढा? माहीत नाही. नवव्या वर्षी सगळंच मोठं दिसतं, म्हणाली.
आता हे मला झोपू देणार नाही.

शनि., ९ मे
सकाळी धुकं. काठ दिसेना. बोटवाला म्हातारा म्हणाला, "डोन्ट गेट यूअर होप्स अप, लव्ह." दर वर्षी हेच.

माझा ल्युअर (चपलेएवढा, रंगीत, खोटा मासा) दोनदा बुडालेल्या झाडात अडकला. रो चिडली नाही. गळ टाकते, हळू ओढते, पुन्हा टाकते. दुपारी डबा काढला, थालीपीठ. बोलणं फार नाही. मीच मधूनमधून, "पण हँडल कुठल्या सायकलचं? जेंट्स की लेडीज?" "मुक्ते, तू गप्प बस, मासे पळतात."

संध्याकाळ. 

पाच वाजत आले होते, परत फिरायचं म्हणून शेवटचं म्हणत ती टाकत होती. ल्युअर बोटीच्या अगदी जवळ आला आणि पाणी फाटलं. आवाजच तसा झाला, कुणीतरी उडी मारल्यासारखा. रॉड वाकला. रो ओरडली, "जाळं! जाळं घे गं बये!" मी जाळं उलटं धरलेलं. किती वेळ चाललं माहीत नाही. हिरवा, ठिपकेदार, पांढरं पोट आणि ते तोंड! दोघींनी मिळून आत घेतला, मी जवळजवळ बाहेर गेले.

मापपट्टीवर ठेवला. एक्याऐंशी सेंटिमीटर.

नियम पंच्याहत्तरपर्यंतचा. त्याहून मोठा घरी न्यायचा नाही, परत पाण्यात. दोघींनाही पाठ आहे, तरी मी म्हटलं, "नीट मोज, शेपूट दुमड." काय बोलले मी! तिने ऐकलंही नाही. पाण्यावर वाकली, दोन्ही हातांनी त्याला धरून राहिली, तो दमलेला, कल्ले हलताहेत. बर्फासारखं पाणी, हात कोपरापर्यंत आत. मग एक फटका मारला शेपटीचा आणि गेला. आमची तोंडं भिजली.

ती रडत होती. मी विचारलं नाही. मी!

रवि., १० मे
धरणावरच्या केबिनमधून अलिबागला फोन. तिकडे पहाट, पण काकू, तिची आई, उठलेल्या असतात.
"आई, मी मासा पकडला. बाबांचा जिताडा केवढा होता गं? खरं सांग."
काकू लगेच, "तुझाच मोठा बाळा. सुटलीस. खा आता पोटभर."
फोन ठेवला आणि रो चा चेहरा पडलेला. "माझा केवढा होता ते विचारलंसुद्धा नाही तिने." बरोबर आहे. मीही हेच म्हटलं असतं, न विचारता.
घरी आलो. नवरोबा शि ने हौसेने बारामंडी मॅरिनेट करून ठेवलेला. ती वरणभात जेवली. "पक्कं कळल्याशिवाय नको." मग आम्ही दोघांनीच खाल्ला, खाली मान घालून.  संध्याकाळच्या फ्लाइटने गेली.

मंगळ., १२ मे
काकूंचा फोन, मला! लंच टाइमला. रो ने नंबर कधीतरी दिला असेल.
"मुक्ता, ती जेवली का मासा?"
नाही म्हटलं.  मग, "तुला एक सांगते, तिला सांगू नकोस. तो जिताडा यांनी पकडलेला नव्हता. नाक्यावरच्या कोळणीकडून विकत आणलेला. दुसऱ्या दिवशी तिनेच मला विचारलं, वहिनी, कसा लागला जिताडा?"
मी म्हटलं, तुम्ही काकांना बोलला नाहीत?
"काय बोलायचं? सगळ्या वाडीत सांगून झालेलं होतं यांचं. आयुष्यभर हलकी मासळी, शिंगाळ्यावर शिंगाळा घरी आणला बिचाऱ्यांनी. एकदा खुशीत होते, असू दे म्हटलं."
आणि पुढे, "बापाची फार लाडकी ती. कळलं तर तुटेल गं पोर."

आता काय करू? म्हणजे पकडलेला जिताडा नव्हताच. म्हणजे शनिवारचा कॉडच काय, एखादी चिंगळी पकडली असती तरी ही सुटली असती! तीन वर्षं!! आणि सांगायचं नाही. मला! जिच्या तोंडात तीळ भिजत नाही तिला.

शनि., १६ मे
सांगितलेलं नाही. चार दिवस. शि ला पण नाही.

पण राहवेना म्हणून गॅरेजमध्ये जाऊन शि ची सायकल मोजली. हँडलपासून पुढच्या चाकाच्या वरच्या कडेपर्यंत. एक वीत आणि वर चार बोटं! पुन्हा टेप लावून मोजलं. तेवढंच. शि दारात उभा, "व्हॉट आर यू डूइंग, मेट?" लाड आले की असं बोलतो. म्हटलं, फिश मोजतेय. गेला.

एवढासा जिताडा. आणि काका दर दिवाळीला हात पसरत होते. मी गॅरेजमध्ये एकटी हसत बसले, मग डोळेच भरून आले. ज्या माणसाला मी कधी भेटलेही नाही!

टेपचा फोटो रो ला पाठवला. बाकी काही लिहिलं नाही. हे तर विश्वासघात नाही ना? हे फक्त माप.
उत्तर: "माहितीये. उद्या बोलते."

रवि., १७ मे
दुपारी व्हिडिओ कॉल. कालगुर्लीत जेवणाची वेळ. फोन डब्याला टेकवून ठेवलेला, समोर ताट. भात, कालवण, तळलेली तुकडी. जिताडा! तिथल्या सुपरमार्केटमधला फ्रोझन.
मी ओरडलेच.
"थांब, आधी ऐक. मी सायकलवर होते."
"म्हणजे?"
"मागे, कॅरिअरवर. खाडीवरून रिकाम्या हाताने निघालो. नाक्यावर बाबा थांबले, कोळणीशी कुजबुज केली, मासा हँडलला अडकवला. मला लिमलेटची गोळी दिली आणि म्हणाले, आईला सांगायचं नाही."
मी फोन जवळ घेतला.
"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"
"मग? दहाव्याला सगळे बागेचं नि आईचं कबूल करत होते. बाबांना त्याची काळजी नव्हतीच गं. आई खमकी आहे. काळजी एकच असणार, आपण गेल्यावर कार्टी सांगून टाकेल. म्हणून म्हटलं, तुमच्या जिताड्याहून मोठा. सगळ्यांसमोर म्हटलं. की बाबा, जिताडा तुमचाच. कावळा आला ना लगेच."
"अगं पण मग मासे का सोडून बसलीस? आणि मागच्या रविवारी आईला विचारलंस कशाला?"
"वाक्य तोंडातून गेलं ते गेलं. पाळायला नको? आणि वाटलं, आई हात पसरायला लावेल, म्हणेल, नाही गं, याहून मोठा होता. पुढच्या वर्षी परत आलो असतो." मग हळूच, "आईला कळता कामा नये हं. तिला वाटतं त्यांनीच पकडला."

माझ्या मनात जे काय झालं! दोघी एकमेकींपासून तेच लपवतात आणि मधे मी, दोघींना शब्द देऊन. हो म्हटलं.

"मग जेव ना. गार होईल."
हात मांडीवर. ताटाकडे बघतेय. "खाल्ला की संपलं गं मुक्ता. मग बाबांसाठी करण्यासारखं काही उरत नाही."
 म्हटलं, पुढच्या ऑटमला परत जाऊ, कॉड पुन्हा धरू. ती हलली नाही. म्हटलं, डिसेंबरात दोघी अलिबागला जाऊ, काकूंच्या हातचं खाऊ. बघतच बसली. आपण त्या दहाव्यासारखं एकेक कबूल करतोय, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिच्याही आलं असणार, कारण ओठ हलले जरासे.
मग मी म्हटलं, "जिताड्याची गोष्ट मी सांगत जाईन. भेटेल त्याला. काकांनी खाडीवर गळाने पकडला म्हणून."
तिने हात उचलला, ताटाकडे नेला, आणि तिचं नेट गेलं. स्क्रीनवर हात तसाच, ताटाच्या वर.
पुन्हा लावला, लागला नाही. मेसेज केला. एक टिक.

शि आत आला, "काय झालं, अशी का बसलीस?"
त्याला समोर बसवलं. म्हटलं, रो च्या बाबांनी एकदा अलिबागच्या खाडीवर जिताडा पकडला होता.
"केवढा?"
मी हात पसरले, पसरतील तेवढे.