यायच्या बोटांसाठी कांपुटर

२२ जानेवारी १९८९, रविवार

हललं! यायच्या उजव्या हाताचं बोट हललं!

आमच्या ह्यायले लकवा मारून सात महिने झाले. तोंडातून शब्द नाही, उजवा हात मेलेला. डॉक्टरीणबाईनं ही वही दिली — रोज काय हललं ते लिहा म्हणे. सात महिने एकच लिहून राहिली, "आज काही नाही."

आज कस्तुरचंद पार्कच्या प्रदर्शनात स्टॉलवाल्यानं कांपुटरच्या खेळाची दांडी यायच्या मुठीत दिली. पडद्यावर विमान उडत होतं. यायनं अंगठ्यानं बटण दाबलं. दोनदा. माझ्या डोळ्यानं पाहिलं.

कांपुटर घरी पाह्यजे. बस.

२५ जानेवारी

सीताबर्डीले गेली. तयार कांपुटर आपल्या आवाक्यातला नाही. दुकानदार ईश्वरदास म्हणे, "मावशी, सुटे भाग घ्या, कमी भावात बसते." मंग सुरू झाला तो. फ्लॉपी एक का दोन? मेमरी किती? पडदा रंगीत का साधा? बोर्ड कोणता? मी म्हटलं, बापा, चांगला असंन तो दे. म्हणे, चांगला म्हणजे कशासाठी?

आता याले काय सांगू? आमचा हातमाग विकून आली मी. लुगड्याचा काठ लांबून ओळखते, पण ह्या हिरव्या पाट्या सगळ्या सारख्याच. डोकं भनभन करून राहिलं.

घरी जाऊबाई मैनाबाई म्हणे, "या वयात खेळणं काहून पाह्यजे वं?"

हात — काही नाही.

३० जानेवारी

यायले रिक्षात घालून दुकानात नेलं. दांडी मुठीत बसली पाह्यजे ना. चार पाहिल्या. तीन निसटल्या, एक राहिली. दांडीसाठी कार्ड वेगळं लागते म्हणे. हे आधी सांगाले तोंड नव्हतं का?

यायले स्टुलावर बसवलं. ईश्वरदास पेटी उघडून तारा-बिरा दाखवून राहिला होता. मी कुठं ऐकते! मी त्याच्या नोकराशी रंगीत पडद्यासाठी भांडून राहिली होती. कोष्ट्याच्या डोळ्याले रंगच दिसला नाही तर तो काय पाहीन? भांडून घेतला. सामान घरी आलं. जोडाले मेकॅनिक उद्या येते म्हणे.

३१ जानेवारी

नाही आला.

४ फेब्रुवारी

अजून नाही. सामान खोक्यात, हे खाटेवर, आणि मी मधात.

६ फेब्रुवारी

मीच बसली. मागावर ताण्याचे चोवीसशे उभे तार सांधणारी बाई मी, मले ह्या बारा तारा नाही जमणार?

पाट्या खाचेत बसल्या. शेवटी विजेचे दोन प्लग राहिले, बोर्डावर शेजारी-शेजारी लावाचे. हा तिकडंही बसते, तो इकडंही बसते. दोन्हीत काळ्या तारा एका कडेले. म्हटलं, सोपं आहे. काळा बाहेरून, रंग मधात. धोतराले दोन्हीकडून काठ असते, तसंच असंन.

हे मधातच अं-अं करून राहिले. मी खेकसली, "चूप बसा जरा. तुम्हाले काय समजते यातलं!"

बटण दाबलं. धूर.

जळका वास अजून घरात आहे. यायनं भिंतीकडं तोंड केलं. मी पेटीजवळ बसून रडली. काय करू, कोणाले विचारू, काही समजत नाही.

१० फेब्रुवारी

ईश्वरदास म्हणे, बोर्ड गेला. काहीतरी उलटं लागलं. काय उलटं, ते विचाराची लाज वाटली मले. रंगीत पडदा परत दिला, त्याच्या बदल्यात दुसरा बोर्ड आणि साधा पडदा आणला. मेकॅनिक? "येते, मावशी."

१५ फेब्रुवारी

येत नाही तो. हे दोन घास खातात आणि तोंड फिरवतात. डॉक्टरीणबाई म्हणे, असंच राहिलं तर पुढं भरवसा नाही. दोन्ही प्लग हातात घेतले, ठेवून दिले. चूक यात होती का पाट्यांत? हाही जळला तर बदल्यात द्याले घरात काही नाही. इतकी लाचार मी कधी नव्हती.

हात — काही नाही.

१८ फेब्रुवारी

आज पुन्हा बसली, खाटेले टेकून. दुसरं सुचेच ना. काळ्या तारा बाहेरच धरल्या.

माझ्या मनगटावर हात पडला. उजवा.

"काळ्याले... काळा," म्हणे. जीभ जड, पण मले साफ समजलं. काळ्याले काळा लावाचा, मधात. दुकानात ईश्वरदास सांगून राहिला तेव्हा यायनं ऐकलं होतं. त्या दिवशी धुराच्या आधी हेच सांगून राहिले होते, आणि मी चूप बसवलं.

प्लग खाली ठेवले. म्हटलं, बोला. अजून बोला.